‘परवाना आहे ना, मग पिस्तूल कुणालाही विका’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

मागच्या रविवारी रात्री मामांचा फोन आला. मामा रिटायर्ड सुभेदार, सातारा जिल्ह्यात गावी राहतात आणि त्यांच्याकडे परवान्याचं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) पिस्तूल आहे, सरकारी फॅक्टरीचं. आता डोळ्यांना मोतीबिंदू, मुलीकडे पुण्याला कायमचं जायचं ठरलंय, म्हणून म्हणाले की विकून टाकतो, गिऱ्हाईकही आलंय आणि पन्नास हजार ॲडव्हान्स द्यायला तयार आहे. मी विचारलं, त्याचा परवाना बघितलात का? तर म्हणाले, "अरे त्याचा प्रोसेसमध्ये आहे, पण चालतं तसं, तुला मेसेज पाठवलाय बघ, त्यात सगळं दिलंय."

मेसेज बघितला आणि झोप उडाली. तोच फॉरवर्ड नंतर माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि एका शाळेच्या मित्रानेही पाठवला, म्हणजे बराच फिरतोय. त्यात थोडक्यात असं आहे: परवाना तुमचा असेल तर पिस्तूल तुमची प्रॉपर्टी, विकायला कुणाची परवानगी लागत नाही. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करा, जबाबदारी संपली. घेणाऱ्याचा परवाना नंतर आला तरी चालतो. पोलिसांना नाही कळवलं तर फक्त ५०० रुपये दंड. काडतुसं सोबत देऊन टाका. आणि परवानाधारक वारला तर वारसाने पिस्तूल घरातच ठेवावं, सावकाश विकावं.

ज्याने हे लिहिलं त्याने कायद्याचं एक पान तरी उघडून बघायला हवं होतं. मी उघडलं. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. फोनवर मामांना अर्धा तास वाचून दाखवलं, आता इथे लिहितो म्हणजे पुढच्या कुणाचा मामा तरी वाचेल.

पहिल्या मुद्द्यात थोडं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेलं शस्त्र विकायला दुकानदारासारखा विक्रीचा परवाना लागत नाही, कलम ५ च्या पोटकलम २ मध्ये तशी सूट आहे. पण सूट कुणाला विकण्यासाठी आहे? ज्याला ते शस्त्र बाळगायचा कायद्याने अधिकार आहे त्यालाच. आणि त्याच वाक्याला लागून अट आहे की जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आधी लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता देऊन, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. ४५ दिवसांच्या आत पिस्तूल हातातून जाता कामा नये. फॉरवर्डवाल्याने सूट तेवढी उचलली आणि अट गाळली.

आता ते नोटरीचं आणि ‘परवाना प्रोसेसमध्ये’ हे दोन्ही एकत्रच घेतो कारण माणसं इथेच फसतायत. नोटरी काय करतो, तुम्ही दोघांनी सही केली एवढं सांगतो. घेणाऱ्याला शस्त्र बाळगायचा अधिकार त्या कागदाने मिळत नाही, तो कागद ५०० चा असो की ५ हजारांचा. आपल्याकडे जुनी गाडी विकून नाव ट्रान्सफर न केल्यामुळे दोन दोन वर्षं चलन भरत बसलेली माणसं प्रत्येक गल्लीत सापडतील. ते गाडीचं. पिस्तुलावर नंबर कोरलेला असतो, तो नंबर तुमच्या परवान्यावर लिहिलेला असतो आणि परवान्याचा युनिक नंबर देशाच्या डेटाबेसमध्ये असतो. उद्या त्या पिस्तुलातून कुठे गोळी सुटली तर पोलीस नंबर बघून मामांच्या दारात येणार, आणि मामांनी पुढे काय करायचं, नोटरीचा कागद दाखवायचा? तो कागद म्हणजे परवाना नसलेल्या माणसाला पिस्तूल दिल्याची स्वतःच्या सहीची कबुली आहे हो.

आणि शिक्षा. फॉरवर्डमध्ये ५०० रुपये लिहिलंय आणि खरंच कायद्यात ५०० रुपये आहेत, म्हणून लोकांना पटतं. कलम २५ पोटकलम ३. पण तिथेही नुसता दंड नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० पर्यंत दंड किंवा दोन्ही असं आहे, आणि ते कशासाठी, तर न कळवता किंवा ४५ दिवस न थांबता विकलं त्यासाठी. परवाना नसलेल्याला विकलं तर कलम ५ ची ती सूटच लागू होत नाही, मग गोष्ट जाते कलम २५ च्या पोटकलम १ मध्ये. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. कमीत कमी सात! आणि ज्या पोराने विनापरवाना घेतलं त्यालाही बाळगल्याबद्दल दोन ते पाच वर्षं. ५०० रुपये वाचून एखादा बासष्ट वर्षांचा माणूस सात वर्षांच्या कलमात जाऊन बसेल, ही चूक साधी नाही. मामांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

‘प्रोसेसमध्ये’ म्हणजे परवाना नाही. अर्ज नामंजूरही होतो. घेणाऱ्याचा मूळ परवाना हातात घेऊन बघा, झेरॉक्स नको, मोबाईलमधला फोटो तर अजिबात नको. त्यावर युनिक नंबर आहे का, मुदत संपलीय का, परवाना पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा आहे की बंदुकीचा, हे सगळं बघा. त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रं असतील तर तिसरं त्याला घेताच येत नाही, २०१९ पासून मर्यादा तीनवरून दोनवर आली आहे. वय २१ च्या खाली असेल तर विषयच नाही. मग ज्या ऑफिसने परवाना दिला तिथे जाऊन खात्री करा. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हे काम आयुक्तालयात, बाकी जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसला. घेणारा खरा असेल तर या सगळ्याला त्याची ना नसते, जो "काका, विश्वास नाही का" म्हणतो त्याला तिथूनच परत पाठवा.

बोअरचंही बघा. .३२ हे सामान्य परवान्यात बसतं. ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, साध्या परवान्यावर ते कुणी घेऊ शकत नाही, भाव कितीही देवो.

काडतुसांबद्दल फार लिहीत नाही. कलम ५ मध्ये शस्त्र आणि काडतुसं दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, तेव्हा जी अट पिस्तुलाला तीच काडतुसांना, मिठाईच्या बॉक्ससारखी वरून द्यायची वस्तू नाही ती. विकायचं म्हणून जाहिरातही करू नका, फेसबुकवर खाजगी शस्त्रविक्रीच्या पोस्टला बंदी आहे, आणि ‘घरी पिस्तूल आहे’ हे गावभर सांगण्यात शहाणपण तरी काय आहे.

वारसाचा मुद्दा मात्र मला सोडून देववत नाही, कारण तो दुःखाच्या घरात जाऊन बसतो. बाप गेला, तेराव्यानंतर कपाट उघडलं, त्यात पिस्तूल आणि परवान्याचं पुस्तक. फॉरवर्ड म्हणतो, ठेवा घरात. परवाना त्या माणसाचा होता, तो गेला की त्या घरात ते शस्त्र बाळगायचा अधिकार कुणालाच उरत नाही. कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. त्यानंतर वारसाने स्वतःसाठी परवान्याचा अर्ज करावा, नाहीतर अधिकार असलेल्या माणसाला विकावं, दोन्ही वाटा कायद्यात आहेत. नियमात ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत लोक दरवेळी शस्त्रं ठाण्यात जमा करतातच की, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मामांनी त्या पहिल्या गिऱ्हाइकाला, त्या पोराला, दुसऱ्या दिवशी सकाळीच ‘नाही’ म्हणून सांगितलं. तो चिडला, "सगळे असंच करतात काका" म्हणाला. मामांनी फोन ठेवून दिला. नंतर त्यांच्याच पलटणीतल्या एका मित्राच्या ओळखीने दुसरा घेणारा मिळाला, परवाना दाखवायला तो स्वतः गावी आला, मामांनी मूळ परवान्यावरचा शब्द न् शब्द भिंगातून वाचला. ३ जूनला ठाण्यात अर्ज दिला, दोन प्रती करून, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. ठाणे अंमलदाराने विचारलं की एवढी घाई कसली शिक्क्याची, मामा म्हणाले ४५ दिवस आजपासून मोजायचेत, तारीख नको का?

पैसे अजून घेतलेले नाहीत. पिस्तूल मॅगझिन काढून, चेंबर रिकामं बघून, कुलपात आहे आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. मुदत झाली की दोघांनी मिळून परवान्याच्या ऑफिसात जायचं, मामांच्या परवान्यावरून नंबर कमी झाल्याची नोंद आणि त्याच्या परवान्यावर चढल्याची नोंद, दोन्ही डोळ्यांनी बघायच्या आणि मगच पैसे. कॅलेंडरवर १९ जुलैला मामांनी लाल पेनने गोल केलाय. पुण्याचं सामान हलवायचं त्यांनी त्याच्या पुढच्या आठवड्यावर ढकललं आहे.