खुलासा : जखम उघडी ठेवल्याने लवकर भरत नाही

‘जखम उघडी ठेवा, खपली धरली की लवकर भरते, नर्स पट्टी बांधतात ती बिलासाठी’ हा पुण्यात सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मेसेज चुकीचा आहे. १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर प्रयोग केला. पातळ पॉलिथिनने झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. त्वचेच्या पेशी ओलसर पृष्ठभागावरून सहज सरकतात. कोरड्या खपलीखाली त्यांना खोलातून वाट काढावी लागते. ओलावा राखणारं ड्रेसिंग यातूनच पुढे आलं. ओलसर म्हणजे चिंब मात्र नव्हे, त्याने कडेची कातडी भिजून खराब होते. रक्तपुरवठा थांबून काळी, कोरडी पडलेली मधुमेह्यांच्या पायाची जखम वेगळी. ती बऱ्याचदा मुद्दाम कोरडीच ठेवतात. कृपया असा मेसेज वाचून घरच्या आजी-आजोबांची पट्टी सोडू नका, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना विचारा.