एक नंबर ऑइल

परवा खंबाटकीचा घाट चढताना आमच्या गाडीने मान टाकली. बंद पडली नाही, तेवढी ती सुसंस्कृत आहे. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लावला, ताकद अर्धी करून टाकली आणि विसाच्या स्पीडने रांगायला लागली. मागे ट्रकांची वरात, प्रत्येकाचा हॉर्न वेगळ्या पट्टीत. आई मागच्या सीटवरून विचारत होती, "डिझेल संपलं का रे?" कराडचं लग्न साडेबाराचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती आणि जिलेबी संपली होती.

या प्रकरणात मला जे ज्ञान झालं ते एकट्याने पचवणं बरं नाही. तेव्हा गाडीचं इंजिन ऑइल कसं निवडावं, याबद्दल चार शब्द.

पहिली गोष्ट, मॅन्युअल उघडू नका. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या जुन्या कागदांखाली, पाघळलेल्या खोकल्याच्या गोळ्यांना चिकटून सुखात असतं. मागच्या पानांवर एक तक्ता असतो आणि त्यात '५डब्ल्यू-३०, एसीईए सी३' असलं काहीतरी छापलेलं असतं. आता मला सांगा, ज्यांनी इंजिन बनवलं त्यांना ऑइलमधलं काय कळणार? कळतं ते कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला.

ऑइल नेहमी जाड घ्या. आपल्याकडच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, हे तुम्हाला तीन माणसं हमखास सांगतील: मिस्त्री, मेहुणा आणि ज्याची गाडी १९९८ सालची आहे असा शेजारी. बाहेर नागपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरचे १०, इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट त्यातलं पाणी नव्वद अंशांच्या आसपासच ठेवतो, हे त्या तिघांपैकी कुणालाही सांगू नका. विनाकारण संबंध बिघडतात. '५डब्ल्यू'मधला डब्ल्यू विंटरचा, म्हणजे थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा, हेही बोलू नका. आमच्या मेहुण्यांच्या मते तो 'वेट'चा आहे, आणि ते बी.ई. मेकॅनिकल आहेत.

ऑइल काळं दिसलं की बदला. डिझेल गाडीत ते आठवडाभरात काळं होतं, म्हणजे वर्षाला बावन्न वेळा.

उरलेलं अर्धा लिटर बाइकमध्ये ओता. कॅनवर 'जेएएसओ एमए', म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचच्या बाइकला चालतं ही खूण, शोधत बसू नका. क्लच घसरायला लागला तर क्लच प्लेटा बदलायच्या, ऑइलवर संशय घ्यायचा नाही.

रिकामा कॅन झाकणासकट गॅरेजमध्येच सोडा. त्याला भोक पाडणं तर फारच निर्दयपणाचं. तो पुन्हा भरला जाईल, पुन्हा सील होईल, पुन्हा विकला जाईल. पुनर्जन्मावर आपला विश्वास आहेच.

आता लेबल. पुढच्या बाजूला गाडीचं चित्र असेल ते ऑइल गाडीचं, आणि सोनेरी कॅन म्हणजे सिंथेटिक. मागची बाजू बघायची नाही, कारण तिथे बारीक अक्षरांत खरा खेळ चाललेला असतो. तिथे एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा गोल शिक्का असतो. त्यात 'एस'ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोलची आणि 'सी'ने सुरू होणारी डिझेलची, एवढं वाचून लोक स्वतःला तज्ज्ञ समजतात. मीही समजत होतो. पण त्याच्याखाली एसीईएची ओळ असते. एसीईए ही युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना. ती नियम ठरवते, पण कुठल्याही ऑइलला स्वतः सर्टिफिकेट देत नाही. 'आमचं ऑइल सी३ आहे' हे ऑइल कंपनीनेच चाचण्या करून, स्वतःच्या जबाबदारीवर लिहायचं. म्हणून तर मर्सिडीज, फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू यांनी आपापले नंबर काढले. २२९.५१, ५०४ ००/५०७ ००, लाँगलाइफ-०४. जनरल मोटर्सने डेक्सोस काढलं. यांची मंजुरी मिळाली तर कॅनवर 'अप्रूव्हल' असं लिहिता येतं. आणि नाही मिळाली, किंवा मागितलीच नाही, तर? तर लिहायचं 'मीट्स द रिक्वायरमेंट्स ऑफ', 'रेकमेंडेड फॉर', 'सूटेबल फॉर', आणि पुढे तोच नंबर त्याच टायपात. म्हणजे एकाने दहावी पास केली, आणि दुसऱ्याचे वडील सांगतायत की आमचा बंड्या दहावी पास होण्याच्या योग्यतेचा आहे. बंड्या हुशार असेलही. अभ्यास केला असेल. पण मार्कशीट दाखवा ना! दुकानदाराला मी हेच विचारलं. त्याने कॅन फिरवला, चष्मा कपाळावर सरकवला, तो नंबर बोटाने दाखवला आणि म्हणाला, "हे काय, लिहिलंय की." नंबरच्या आधी काय लिहिलंय ते वाचा म्हटलं, तर दोनशे रुपये डिस्काउंट देऊ केलं.

असो. राग आवरून पुढचा सल्ला. ऑइल शक्यतो बॅरलमधलं घ्या, स्वस्त पडतं. मी सलग तीन सर्व्हिस तेच घेतलं.

तीन सर्व्हिस! तिन्ही वेळा मी त्या गॅरेजात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, पेपर वाचत, कटिंग चहा पीत होतो. माझ्यापासून पाच फुटांवर निळ्या बॅरलला हातपंप लावलेला होता, आणि ज्या मापाने सकाळपासून टेम्पोत ओतलं त्याच मापाने माझ्या गाडीत ओतलं जात होतं. १५डब्ल्यू-४०, सीआय-४. ट्रकचं ऑइल. वाईट नव्हे, ट्रकसाठी उत्तमच. पण हा दर्जा आला २००२ साली, आणि त्यात राखेला मर्यादाच नाही. आमची गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांतली. १ एप्रिल २०२० नंतरची. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी आहे, काजळी पकडणारी. काजळी साठली की गाडी ती जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. पण ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकची जी राख होते ती जळत नाही. आधीच जळलेली वस्तू पुन्हा कशी जळणार? ती तिथेच बसून राहते, साठत जाते. म्हणून मॅन्युअलमध्ये सी३ लिहिलंय. सल्फेटेड अ‍ॅश, म्हणजे हीच राख, ०.८ टक्क्यांच्या आत. लहर म्हणून नाही, कंपनीचं ऑइल खपवायला नाही, त्या जाळीसाठी!

खंबाटकीनंतर गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. लॅपटॉप लावून दोनदा रिजनरेशन केलं. काजळी जळली, दिवा तिसऱ्या दिवशी परत लागला. आता फिल्टर काढून धुवायचा, आणि धुऊन भागलं नाही तर बदलायचा. बदलायचा आकडा ऐकून मी समोरच्या बाकावर बसलो. वॉरंटी? "सर, ऑइल बाहेरचं आहे ना? बिल दाखवा, ग्रेड बघू." बिल काढलं. 'इं. ऑइल ५ ली.' बास. ना ग्रेड, ना कंपनी.

गॅरेजवाल्याला फोन लावला. म्हटलं, कोणत्या नंबरचं ऑइल टाकलं होतंस?

"एक नंबर ऑइल आहे साहेब."

अरे, नंबर सांग ना!

"साहेब, नंबर-बिंबर सगळे कंपनीवाल्यांचे पैसे काढायचे धंदे. गाडीला ऑइल लागतं, नंबर लागत नाही."

इथपर्यंत मी हसत हसत लिहिणार होतो. नाही जमत. बाबा रे, तुझ्या गॅरेजात बीएस-६ गाड्या रोज येतात. बॅरल एकच ठेवायचं असेल तर पाटी लाव, 'इथे फक्त टेम्पो'. येणारा विचार करून येईल. आणि तू माप ओतताना मला एकदा, फक्त एकदा विचारलं असतंस, "साहेब, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय?" तर मी उठून ग्लोव्ह बॉक्स उघडला असता. निदान लाजेने तरी.

आणि तुम्ही वाचताय ना, हसू नका. बावीस हजारांची सीट कव्हरं घालताना तुम्ही घासाघीस केली नव्हती. गाडीला लिंबू-मिरची दर शनिवारी न चुकता नवी. आणि ऑइलच्या वेळी हजार रुपये वाचले म्हणून बायकोला फोन करून सांगता. मीही सांगितलं होतं, तीनदा. शिवाय घर ते ऑफिस चार किलोमीटर रोज डिझेल गाडीने जाणारा शहाणाही मीच. त्या चार किलोमीटरमध्ये जाळी तापतसुद्धा नाही. तेव्हा सगळं खापर बॅरलवर फोडत नाही. पण बॉनेटखाली दोऱ्याने बांधलेलं ते पुठ्ठ्याचं कार्ड परवा पहिल्यांदा नीट पाहिलं. तारीख आहे, किलोमीटर आहेत, पुढची सर्व्हिस कधी तेही आहे. 'ग्रेड'च्या रकान्यात तिन्ही वेळा आडवी रेघ. ती रेघ तीन वर्षं माझ्याच गाडीत होती. कोणी लपवली नव्हती.

रविवारी नवं ऑइल घातलं. कॅनचं सील माझ्यासमोर तोडायला लावलं, कार्डावर ग्रेड मीच पेनने लिहिली, आणि रिकामा कॅन घरी आणून बाल्कनीत स्क्रू-ड्रायव्हरने त्याला भोकं पाडत बसलो. आई दारात येऊन बघत होती.

"चांगला कॅन होता. कापून कोरफड लावली असती."

म्हटलं, लाव की. आता खाली भोकंही आहेत.