वार्ताहर म्हणजे वार्ताहरच: एक तारा दिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या ईबी-१ए पिटिशनसाठी (असामान्य कामगिरी असणाऱ्यांसाठीचा ग्रीन कार्डचा अर्ज) तुम्ही आमच्याकडून ४२ कात्रणांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलंत. आम्ही दोन ओळींसाठी अख्ख्या बातमीचे पैसे लावले, पदनाम 'नीट' लिहायला नकार दिला, नोटरी करून दिली नाही, फोनवर उद्धट बोललो, आणि '४२ बायलाइन असूनही', म्हणजे तुमच्या नावाने छापलेल्या ४२ बातम्या असूनही, यूएससीआयएसची (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची) आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारं पत्र, आलीच. म्हणून एक तारा.

आधी चूक आमची आहे तिथलं बोलते. भाषांतरासोबतच्या तीन प्रमाणपत्रांवर पानांची संख्या चुकली होती. तुमच्या वकिलांनी कळवल्यावर दुरुस्त प्रती द्यायला आम्ही चार दिवस लावले, काम अर्ध्या तासाचं होतं. त्या तीन कागदांचे पैसे आज परत केलेत. आणि 'कात्रणांत दम नाही' हे फोनवर बोलायचा अधिकार आमच्या ऑफिसात कुणालाच नाही, मलाही नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. इथे फक्त तुम्ही स्वतः जाहीर लिहिलंय तेवढ्यावरच बोलेन, फाइल उघडणार नाही.

कात्रणात 'वार्ताहर' छापलंय, तुम्हाला इंग्रजीत 'इन्व्हेस्टिगेटिव्ह एडिटर' हवं होतं. सर, प्रत्येक भाषांतराखाली माझी सही असते. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि ते करण्याइतकी भाषा मला येते, असं मी लिहून देते. अमेरिकेचा नियम एवढंच मागतो. नोटरी मागत नाही, म्हणून ती आम्ही करत नाही आणि तिचे पैसेही लावत नाही. पण त्या सहीवर 'वार्ताहर'चा एडिटर केला, तर एक शब्द खोटा ठरल्यावर बाकीच्या ४१ कात्रणांवर कोण विश्वास ठेवेल? तालुक्याचा वार्ताहर काय काय करतो हे मला माहीत आहे. बातमी त्याची, फोटो त्याचा, दिवाळी अंकाच्या जाहिराती त्यानेच गोळा करायच्या आणि गठ्ठा उशिरा आला तर एजंटचा फोनही त्यालाच. हे सगळं अधिकाऱ्यापर्यंत जायलाच हवं. पण ते संपादकांच्या पत्रात. भाषांतरात नाही.

अख्ख्या बातमीचं भाषांतर का? नियमच तसा आहे. परक्या भाषेतला कागद जोडला की त्याचं पूर्ण भाषांतर लागतं. त्यामागचं कारण दरवर्षी जानेवारीत आमच्या टेबलावर येतं. ६ जानेवारी म्हणजे पत्रकार दिन, १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' सुरू झालं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानांवर सत्कारच सत्कार. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, प्रमुख पाहुण्यांचं भाषण आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात चौदा सत्कारमूर्तींची नावं एका दमात. त्यातलं नववं नाव तेवढं इंग्रजीत आणलं की वाचणाऱ्याला वाटणार बातमी त्या एकट्याची. पूर्ण आणलं की ती समारंभाची आहे हे उघड होतं. काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे भाषांतरकाराने ठरवायचं नसतं.

राहिली आरएफई. मी वकील नाही, पण अकरा वर्षं हे कागद हाताळतेय, त्यामुळे पत्रकारांना येणारे प्रश्न पाठ झालेत. मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार नसेल तर नियमातल्या दहा निकषांपैकी किमान तीन दाखवावे लागतात. त्यातला एक आहे तुमच्याबद्दल आणि तुमच्या कामाबद्दल मोठ्या माध्यमांत छापून आलेला मजकूर, तोही शीर्षक, तारीख आणि लेखकाच्या नावासह. तुम्ही लिहिलेला मजकूर नव्हे. बायलाइन ४२ असोत की ४२००, त्या निकषात बसत नाहीत. लेखनाचा वेगळा निकष आहे, पण तो विद्वत्तापूर्ण लेखांचा, रोजच्या बातमीला तिथे सहसा जागा मिळत नाही. ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांबद्दल लिहिण्यात घालवली, त्याला 'तुमच्याबद्दल कोणी लिहिलंय का' विचारायचं! मलाही हे जाचक वाटतं. पण नियम मी केलेला नाही.

पत्रकार संघाचं सदस्यत्वही असंच अडतं. वर्गणी भरून मिळणारं सदस्यत्व चालत नाही, असामान्य कामगिरी पाहून सदस्य करून घेणारी संस्था लागते. अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र, सरकारची, संघटनेची नव्हे, म्हणून ती सदस्यत्वात मोजली जात नाही. शिवाय तीन निकष भरले तरी अमेरिकेतल्या अपील न्यायालयाच्या २०१०च्या कझारियन खटल्यातल्या निकालापासून अधिकारी सगळा पुरावा पुन्हा एकत्र तोलतात, हा माणूस खरोखर क्षेत्रातल्या वरच्या मोजक्यांतला आहे का, म्हणून.

आरएफई म्हणजे नकार नव्हे. तुमच्या पत्रावर मुदतीची तारीख असेल. जास्तीत जास्त १२ आठवडे देतात आणि ती वाढवून मिळत नाही. तेवढ्यात तुमच्या बातमीमुळे पुढे काय घडलं त्याचे कागद शोधा. विधानसभेत त्यावर लक्षवेधी लागली होती का? शासन निर्णय निघाला का? दुसऱ्या दैनिकाने तुमच्या नावानिशी दखल घेतली का? एखाद्या पुरस्काराच्या निवड समितीवर होतात का? यातलं काय जोडायचं ते वकिलांना विचारून ठरवा. जे पाठवाल त्याचं भाषांतर रांगेत आधी घेऊ. दर तोच, आणि पदनाम छापलंय तेच.

आणखी एक. तुमची चिकटवही अजून आमच्या कपाटात आहे. कात्रणं फेविकॉलने चिकटवलेली आणि तारखा निळ्या पेनने कडेला लिहिलेल्या. त्या हाताने लिहिलेल्या तारखांवर प्रश्न येऊ शकतो, म्हणून ज्या अंकांची मूळ पानं मिळतील त्यांचा तारीख आणि आवृत्ती दिसणारा वरचा भाग स्कॅन करून घ्या, वर्तमानपत्राच्या ग्रंथालयात किंवा ई-पेपरवर. वही कुरिअरने पाठवायला जीव धजावत नाही, पानं सुटायला आलीत. नारायण पेठेतल्या ऑफिसातून तुमच्या घरचं कोणी घेऊन जाणार असेल तर कळवा. रविवारीही मी अकरापर्यंत असते.

– संचालिका