‘नीट द्यायची तर गणित सोडा’ हा निरोप मुलांचं नुकसान करतो

दहावीचा निकाल लागला की फोंडा, डिचोली, साखळीकडच्या पालकांच्या व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरू लागतो. डॉक्टर व्हायचं तर अकरावीत गणित घेऊ नका, नीटला (वैद्यकीय प्रवेश परीक्षेला) ते लागत नाही, उगाच टक्के घसरतात. बारावीच्या टक्क्यांना तशीही आता किंमत नाही. शिवाय 2021 पासून इंजिनिअरिंगलाही गणित सक्तीचं नाही, आणि लागलंच तर नंतर घेता येतं. मी हायर सेकंडरीत गणित शिकवते. या निरोपावर भरवसा ठेवलेली मुलं दोन वर्षांनी माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून हे लिहिते आहे.

नीटला गणिताचा पेपर नाही, हे खरं. पण 720 पैकी 180 गुण भौतिकशास्त्राचे आहेत. दोलनाच्या उदाहरणात स्थानावरून वेग काढायचा, म्हणजे विकलन आलं. गणित सोडलेल्या मुलांना ते भौतिकशास्त्राचे सर दोन-चार तासांत सांगतात, कारण त्यांनाही पोर्शन संपवायचा असतो. आमच्या वर्गात तेच कित्येक आठवडे घोटून घेतलं जातं. नीटमध्ये भौतिकशास्त्राने मागे ओढलेली मुलं मी पाहिली आहेत; त्यांतल्या बऱ्याच जणांना नियम पाठ होते, आकडेमोड जमत नव्हती.

इंजिनिअरिंगची बातमी अर्धवट आहे. 2021 मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने, पात्रतेच्या विषयांची यादी वाढवली होती. पण कुंकळ्ळीच्या एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) जायचं तर जेईई मेन ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या 300 पैकी 100 गुण गणिताचेच आहेत.

गोव्यात खरा घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. इथे कितीतरी घरांतला काका नाहीतर मामा बोटीवर असतो. पोराच्याही मनात ते असतं, फक्त दहावीत तो बोलत नाही. जहाजावर अधिकारी होण्यासाठीच्या नॉटिकल सायन्सला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून सरासरी 60 टक्के लागतात. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) नौदलात किंवा हवाई दलात जायचं तरी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. ही नावं त्या निरोपात कुठेच नाहीत.

‘नंतर घेता येतं’ हे तर उलटं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून केलेल्यांनाही नीट देण्याची मुभा दिली. सुटलेलं जीवशास्त्र एक वेळ मागून भरून काढता येईल. सुटलेलं गणित एकट्याने, वर्गाशिवाय भरून काढणं फार कठीण जातं.

टक्क्यांबद्दल तर निरोप स्वतःलाच खोडतो. किंमत नाही, तर घसरण्याची भीती कशाला? आणि किंमत आहे. एनआयटीला खुल्या गटात 75 टक्के, नाहीतर बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं.

मुलाला गणिताचा खरोखर कंटाळा असेल तर जरूर सोडावं. बी.फार्मला जीवशास्त्र चालतं, नर्सिंगला गणित लागत नाही. प्रवेशाच्या दिवसांत एका आईचा फोन आला, तेव्हा मी फोन मुलीकडे द्यायला सांगितलं. दहा मिनिटं बोललो. तिला गणित आवडत होतं. सोडण्याचं आईने ठरवलं होतं.