तारकेसारखी खरेदी करण्याची शास्त्रोक्त पद्धत

सुपरमार्केटच्या जाहिरातीतली सुप्रसिद्ध तारका हसत, केस उडवत महिन्याचं सामान भरते आणि तुम्ही तेच काम कपाळाला आठ्या घालून करता. यात दुकानाचा दोष नाही, तुमची पद्धत चुकते.

आधी वेळ बदला. तारका शूटिंगसाठी दुकानात येते ती शटर खाली ओढल्यावर आणि बाहेर पडते ती उजाडायच्या आत, कारण सकाळी दुकान गिऱ्हाइकांना परत द्यावं लागतं. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर फ्रीजरसुद्धा बंद ठेवतात, कॉम्प्रेसरची घरघर माईकमध्ये येते. मागे दोन-तीन आनंदी कुटुंबं सामान निवडताना दिसतात ना, ते ज्युनिअर आर्टिस्ट. ‘अ‍ॅक्शन’ म्हटलं की डावीकडून उजवीकडे चालायचं, ‘कट’ म्हटलं की डबा जागेवर ठेवून पुन्हा डावीकडे. तुमच्या वेळेला येणारी माणसं इतकी शिस्तीची नसतात. ती ट्रॉली आडवी लावून घरी फोन करतात, ‘‘अगं, निळं की हिरवं?’’

आता ट्रॉली. इथेच बहुतेकांचं बिनसतं. सामान सरळ आत टाकलं तर ते तळाशी जाऊन बसतं आणि कॅमेऱ्याला दिसते नुसती जाळी. म्हणून आर्ट डिपार्टमेंटची मुलं तळाला रिकामी खोकी नाहीतर थर्माकोलचे ठोकळे रचतात, काठापासून वीतभर खाली सपाट थर करतात आणि त्यावर सामानाचा एकच थर मांडतात. उंच डबे मागे, बुटके पुढे, कोपऱ्यात पालेभाजीचा तुरा, आणि प्रत्येक लेबल कॅमेऱ्याकडे तोंड करून. डिटर्जंटचा मोठा पुडा आतून रिकामा. चाकांना तेल, जाळी खडखडेल तिथे चिकटपट्टी. एवढं केलं की ट्रॉली एका हाताने वळते आणि दुसरा हात केसांसाठी मोकळा राहतो. तुम्ही मात्र हट्टाने पिठाची पिशवी आणि तेलाचा डबा खरोखर आत ठेवता. मग ज्या ट्रॉलीची पुढची चाकं फिरती आणि मागची स्थिर असतात, ती वळणावर नाक सरळच नेते, आणि वळणावरच दुकानदाराने डब्यांचा मनोरा रचलेला असतो.

फळीवरून वस्तू उचलतानाही एक रीत आहे. बोटं नावाखाली, अंगठा मागे, डबा किंचित कॅमेऱ्याकडे वळलेला. हात नेहमी नजरेच्या उंचीवर जावा, कारण तारका वाकत नाहीत. नजरेसमोरची ती जागा दुकानातली सगळ्यांत मोलाची. तिथे आपला माल लागावा म्हणून कंपन्या दुकानाला पैसेही मोजतात. स्वस्त माल बहुधा गुडघ्याच्या खाली असतो, तिकडे बघूसुद्धा नका. आणि पुढचाच डबा घ्या. मागे हात घालून दुसऱ्या रांगेतला काढायची तुमची सवय अगदी घरगुती आहे. माल लावणारी मुलं जुना स्टॉक पुढे ओढतात आणि ताजा मागे सारतात, हे तुम्हाला ठाऊक असतं म्हणून तुम्ही तसं करता. तारकेला ते ठाऊक नाही, म्हणून तिचा चेहरा एवढा शांत असतो. डबा उलटा करून तारीख वाचायची नाही. वजन तर मुळीच नाही. भाव तोच ठेवून आतला माल कमी केला असेल तर उगाच समजेल.

मग येतो सगळ्यांत अवघड टेक. किंमत बघून भुवया उंचवायच्या आणि म्हणायचं, ‘‘एवढं स्वस्त?’’ असं दचकायला आधीचा भाव माहीत असावा लागतो, आणि ज्याच्या घरचं सामान दुसरा कुणी आणतो त्याने तो कुठून आणायचा? त्यावर उपाय म्हणजे दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून सांगतो, ‘‘मॅडम, आता आश्चर्य.’’ हौस असेल तर मानधनाला एका बिलातल्या बचतीने भागून बघा. उत्तर पुनर्जन्मांत येतं.

संवाद लिहिणाऱ्याला दाद द्या. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा दंडक असा की, शिफारस करणारी व्यक्ती ती वस्तू वापरते असं जाहिरात सुचवत असेल, तर शिफारशीच्या वेळी ती खरोखर वापरत असली पाहिजे. भारतात जाहिरातींबद्दलच्या जून २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस हे त्या व्यक्तीचं प्रामाणिक मत हवं आणि त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा. म्हणून ‘मी इथूनच घेते’ हे वाक्य कागदावरून आधीच गळतं आणि उरतं ‘या, बघा, घेऊन जा’. बोट तुमच्याकडे. १७६५ मध्ये इंग्लंडच्या शार्लट राणीने जोसाया वेजवुड या कुंभाराकडून चहाचा संच मागवला आणि त्याने राणीचं नाव लावून भांडी खपवली. निदान तिने कपबशा घेतल्या तरी होत्या!

राहिला जिव्हाळ्याचा प्रश्न. तो करारात लिहिलेला असतो: मुदत किती, शूटचे दिवस किती, पोस्ट किती, आणि मुदतीत प्रतिस्पर्धी दुकानाशी नाव जोडायचं नाही. शेवटचं कलम आवडत्या दुकानाबद्दल का घालावं लागतं, हे वकिलांना विचारू नका, ते तासाचे पैसे घेतात. तुम्हीही आपल्या नेहमीच्या दुकानाशी असा करार करून घ्या. मुदत संपेपर्यंत शेजारच्या दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवा. ती संपली आणि त्यानंतरही काही काळ थांबायचं कलम नसलं, की त्याच हास्यासह शेजारी जा. ट्रॉली बदलेल, तळाचा थर्माकोल तोच चालतो.