बसतंय ना साहेब, मग झालं!

स्पोर्ट्स कारला बाहेरचे अलॉय (मिश्रधातूची चाकं) लावायचे म्हटलं की मुंबईतला जो तो टायरवाला एकच पालुपद लावतो, "बसतंय ना साहेब, मग झालं!" काय झालं? डोंबल! माझ्या ऑडी टीटीच्या हबचा, म्हणजे चाक ज्या गोल उंचवट्यावर बसतं त्याचा, व्यास ५७.१ मिमी, अलॉयचं मधलं भोक ६६.६ मिमी. ही फट भरायला हब रिंग लागते. तिचं नाव काढलं की असे बघतात, जणू मीच येडा! रिंग नसली की चाक नीट मध्यावर बसत नाही आणि कोस्टल रोडवर ८० गाठेपर्यंत स्टीअरिंग थरथरायला लागतं. मग "बॅलन्सिंग करून घ्या" म्हणत वर आणखी पैसे उकळणार.

बोल्टची तऱ्हा तर विचारूच नका. कंपनीच्या बोल्टची बैठक, म्हणजे चाकावर टेकणारा भाग, गोलसर, बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूसारखी हवी. जुनेच बोल्ट ठोकले तर ते जेमतेम कडेवर टेकतात आणि चालता चालता ढिले पडतात. आवळायचे १२० न्यूटन मीटरला. तो जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना भिंतीवर टांगलेला असतो, धूळ खात. हे इम्पॅक्ट गनने, म्हणजे बोल्ट दणादण आवळणाऱ्या मशीनने, घर्रर्र करून मोकळे. घरी चाक काढायचं तर पान्यावर उभं राहून उड्या मी मारायच्या.

परवा एकाने जॅक थेट पत्र्याच्या कडेला लावला. कड दुमडली. मी ओरडलो, तर म्हणे, "साहेब, चहा सांगू?"