वेटलिफ्टर का बॉडीबिल्डर? एका प्रतिक्रियेला (जरा लांबलेलं) उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव घातलेलं नाहीत, त्यामुळे पुढे काय जोडायचं कळत नाही, म्हणून नुसतंच नमस्कार.

1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला गेलेला बर्मी वेटलिफ्टर झॉ वेइक, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 'यू. झॉ वेइक' असं नाव लिहिणं चूक. ब्रह्मदेश इंग्रजांनी बळकावून हिंदुस्थानला जोडलेला, तेव्हा झॉ वेइकला 'आपला ऑलिंपियन' म्हणणं हा फुकटचा अभिमान. तो वेटलिफ्टर होता, त्याला बर्मी बॉडीबिल्डिंगच्या आद्य लोकांत बसवता येत नाही. आणि मग ते वाक्य: 'ज्याने आयुष्यात कधी लोखंडाला हात लावलाय त्याला दोन्हीतला फरक कळतो.'

नावाचं तुमचं बरोबर आहे, मान्य. 'उ' (इंग्रजीत U, मी 'यू.' लिहिलं ते) हे इनिशियल नाही, बर्मी लोकांत वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी मानाने लावतात, आपल्याकडे नावाला राव किंवा पंत लागतं तसं काहीसं, आणि आडनाव नावाची भानगड तिकडे नसतेच. मी इंग्रजी यादीतलं बघून टिंब दिलं. चूक झाली.

'आपला ऑलिंपियन'बद्दल एवढंच, की 1936 ला ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत होता, वेगळा झाला तो 1 एप्रिल 1937 ला, आणि बर्लिनला झॉ वेइक गेला तो हिंदुस्थानच्या पथकातून. ब्रह्मदेशाचं स्वतःचं पथक ऑलिम्पिकला उतरलं ते थेट 1948 ला, लंडनमध्ये. ब्रह्मदेशच्या माणसाला हिंदुस्थानच्या नावाने वजन उचलताना काय वाटलं असेल हा मोठा विषय आहे, त्यात मी आत्ता पडत नाही. (आपला ब्रह्मदेशाशी संबंध म्हणाल तर टिळक मंडालेच्या तुरुंगात आणि थिबा राजा रत्नागिरीत, इतकाच आपल्याला पाठ असतो.)

आता त्या लोखंडाकडे येतो.

साहेब, मी तेरा वर्षांचा असताना आमच्या गल्लीच्या तालमीत जायला लागलो. तिकडे रॉड म्हणजे ट्रकचा जुना अ‍ॅक्सल, आणि प्लेटांऐवजी डालड्याचे डबे, आत सिमेंट ओतलेलं, त्यातला एक डबा दुसऱ्यापेक्षा पावणेदोन किलोने जड, हे आम्हाला सहा महिन्यांनी वाण्याच्या काट्यावर कळलं, तोपर्यंत माझा डावा खांदा उजव्यापेक्षा मोठा झालेला होता आणि तो आजही शर्ट शिवताना टेलरला दिसतो. पहाटे जोर-बैठका, मग तो रॉड, मग आरशासमोर दंड फुगवून बघायचे. वस्तादांनी कधी सांगितलं नाही की बाळ, आता तू वेटलिफ्टिंग करतोयस आणि आता शरीरसौष्ठव. त्यांच्या लेखी सगळं एकच होतं, अंग कमावणं. तेव्हा लोखंडाला हात लावलाय का हे मला विचारू नका. कंबरेत चौथ्या-पाचव्या मणक्यात जे आहे ना, ते लोखंडानेच दिलंय.

आणि मुद्दा नेमका हाच आहे, जो तुम्ही फरक-फरक करत हुकवलात. आज जे दोन वेगळे खेळ दिसतात, दोन फेडरेशन, दोन डाएट, ते 1936 मध्ये असे वेगळे नव्हते. त्याच बर्लिनला, त्याच डॉइशलांडहाले नावाच्या हॉलमध्ये, अमेरिकेकडून जॉन ग्रिमेक नावाचा माणूस वजन उचलायला आला होता. वेटलिफ्टर म्हणून. तोच ग्रिमेक 1940 ला मिस्टर अमेरिका झाला, 1941 ला परत झाला, आणि 1948 ला मिस्टर युनिव्हर्स, दोन्ही किताब शरीरसौष्ठवाचे. आता तुमच्या हिशोबाने त्याला कुठे टाकायचं? टॉमी कोनो घ्या, अमेरिकेचाच वेटलिफ्टर, ऑलिम्पिकची दोन सुवर्णं, 1952 आणि 1956, वरून मिस्टर युनिव्हर्सही. त्याला कुणी विचारायला गेलं नाही, की बाबा रे तू नक्की कोण.

शिवाय तेव्हाची उचल आजच्यासारखी नव्हती. स्नॅच (जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर), क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग झटक्याने डोक्यावर) आणि तिसरा प्रेस, म्हणजे वजन खांद्यापर्यंत घ्यायचं आणि गुडघे न वाकवता नुसत्या हातांच्या जोरावर वर ढकलायचं. 1972 नंतर तो काढला, कारण लोक पाठ मागे कमानीसारखी वाकवून उचलायला लागले आणि पंचांना बाद करायचं कुणाला आणि सोडायचं कुणाला कळेना. पण जोवर तो होता तोवर खांदे, दंड, पाठीचा वरचा भाग हे सगळं लिफ्टरकडे असायलाच लागायचं. म्हणजे ज्यांना आज तुम्ही बॉडीबिल्डरचे अवयव म्हणता तेच. तुमच्या जिममध्ये मिलिटरी प्रेस मारत असालच, तो कुठून आला वाटतं? अशा माणसाने ब्रह्मदेशात अंग कमावण्याची हवा तयार केली तर त्याला बॉडीबिल्डिंगचा आद्य माणूस म्हणायचं नाही, तर आरशासमोर उभं राहणाऱ्याला म्हणायचं?

आणि सँडो बनियन घालताना आपण कुणाचं नाव अंगावर चढवतो ते बघा. यूजीन सँडो हा ताकदीचे खेळ करणारा पहिलवान 1904-05 मध्ये हिंदुस्थानात खेळ करत फिरला, स्टेजवर वजनंही उचलायचा आणि अंगही दाखवायचा. दोन तिकिटं नव्हती लावली.

तुमचा सूर मला आवडला नाही, हे खरं तर पहिल्याच ओळीत सांगणार होतो. 'गूगल करून लिहिणारे' हा शब्द तुम्ही सहज टाकलात. टाका. पण पुढच्या वेळी नाव घालून टाका, म्हणजे मलाही कळेल मी कुणाच्या दंडाशी भांडतोय.

टिंब काढलंय, बघा.